टपाल तिकिटाच्या पाठीवरची खूण : कागदातली, छपाईतली की घरातली?

खानदेशात कापसाची अडत, जिनिंग किंवा पेढी चालवणाऱ्या घरांमध्ये आलेली पत्रे तारेच्या आकड्याला टोचून ठेवण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. जळगाव, अमळनेर, चोपडा, धुळे, नंदुरबार या गावांतले जुने वाडे आता उतरवले जात आहेत. माळ्यावरून पत्रांचे गठ्ठे खाली येतात आणि त्यांतून सुटी झालेली तिकिटे पुढच्या पिढीच्या हाती लागतात. ही तिकिटे पालथी केली की काहींच्या पाठीवर फिकट तारा दिसतो, काहींवर राजाचा चेहरा आरशात पाहिल्यासारखा उलटा दिसतो, काहींवर आकडा, रेघ, जांभळा फराटा किंवा बारीक टिंबांची चौकट असते. असे काही दिसले की पहिला प्रश्न बहुधा किमतीचा येतो. माझ्या मते किमतीचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी ही खूण तिकिटाच्या आयुष्यात नेमकी केव्हा उमटली हे ठरवावे, कारण ते ठरले की उरलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

जुन्या काळच्या बहुतेक तिकिटांचा प्रवास साधारण एकाच क्रमाने झालेला असतो. कागद तयार होतो, त्यावर छपाई होते, पाठीला डिंक लागतो, मग दातेरी कडांसाठी छिद्रे पाडली जातात, तिकीट विकले जाते, पाकिटावर चिकटते, शिक्का खाते आणि पुढे कधीतरी कुणीतरी ते सोडवून वहीत लावते. पाठीवरची प्रत्येक खूण यांपैकी एखाद्या टप्प्यावर उमटलेली असते आणि तो टप्पा ओळखण्याच्या काही कसोट्या आहेत. खूण डिंकाच्या खाली असेल तर ती डिंक लागण्यापूर्वीची असते. खूण दातांपाशी स्वच्छ कापली गेली असेल, म्हणजे तिचा उरलेला भाग शेजारच्या तिकिटावर गेला असणार असे दिसत असेल, तर ती छिद्रे पाडण्यापूर्वीची आहे. उलट शाई किंवा डाग दातांच्या टोकांवरच्या सुट्या तंतूंमध्ये मुरलेला असेल तर तो नंतरचा समजावा. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. तिकीट पाकिटावर चिकटलेले असेपर्यंत त्याची पाठ बंद असते, त्यामुळे पाठीवर जे काही दिसते ते एकतर चिकटवण्यापूर्वी आलेले असते, किंवा सोडवल्यानंतर, किंवा पाकिटाच्या कागदातून झिरपून.

कागदातल्या खुणांपासून सुरुवात करू, कारण भारतीय तिकिटांच्या बाबतीत सर्वांत अधिक माहिती तिथेच दडलेली असते. वॉटरमार्क, म्हणजे जलचिन्ह, हे शाईने छापलेले नसते. कागदाचा ओला लगदा जाळीवर पसरलेला असताना त्यावरून तारेची नक्षी बसवलेला रूळ फिरतो, आणि ती नक्षी जिथे दाबली जाते तिथे लगदा किंचित पातळ राहतो. वाळल्यावर ती पातळ जागा उजेडासमोर फिकट दिसते. भारताच्या १८५४ च्या पहिल्या अखिल भारतीय तिकिटांच्या कागदात ईस्ट इंडिया कंपनीचे राजचिन्ह होते, पण ते पूर्ण तावभर पसरलेले होते. त्यामुळे एका तिकिटाच्या वाट्याला त्यातली एखादी वळणदार रेघ येते किंवा काहीच येत नाही. ही तिकिटे डिंकाशिवाय विकली गेली होती, म्हणून तशा तिकिटाच्या पाठीवर चिकट थर सापडला तर तो वापरणाऱ्याने किंवा नंतरच्या कुणी लावलेला आहे असे निश्चित म्हणता येते. पुढे १८६५ मध्ये हत्तीच्या मस्तकाचे जलचिन्ह आले आणि १८८० च्या दशकात त्याची जागा ताऱ्याने घेतली.

या ताऱ्याकडे खानदेशातल्या संग्राहकाने विशेष लक्ष द्यावे, कारण पंचम जॉर्जच्या काळातली तिकिटे आपल्याकडच्या गठ्ठ्यांमध्ये भरपूर सापडतात. १९११ पासूनच्या मालिकेची तिकिटे इंग्लंडमध्ये छापली जात आणि त्यांत प्रत्येक तिकिटामागे एक मोठा तारा असे. १९२६ पासून तीच चित्रे नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात छापली जाऊ लागली आणि तिथल्या कागदात लहान लहान ताऱ्यांच्या रांगा होत्या. पुढची बाजू पाहून ही दोन तिकिटे वेगळी काढणे नवख्याला जवळजवळ अशक्य असते, पण पाठ पाहिली की निर्णय क्षणात होतो. स्वातंत्र्यानंतरही हेच घडले. नव्या पैशांच्या चलनासाठी १९५७ मध्ये आलेली भारताच्या नकाशाची तिकिटे आधी अनेक ताऱ्यांच्या कागदावर छापली गेली आणि १९५८ पासून अशोकस्तंभाच्या शीर्षाचे जलचिन्ह असलेल्या कागदावर. ज्यांच्या घरी त्या काळातला पत्रव्यवहार आहे त्यांनी नकाशाची तिकिटे एकत्र काढून पाठी तपासाव्यात. यांतली बहुतेक तिकिटे स्वस्तच असतात हे खरे, पण त्यांच्यावर नजर जितकी चांगली तयार होते तितकी महागड्या तिकिटांवर होत नाही, कारण महागडे तिकीट हाती येते तेव्हा मन आधीच निकालाकडे ओढ घेत असते.

जलचिन्ह पाहण्याची नेहमीची रीत अशी आहे. सुटे तिकीट काळ्या, गुळगुळीत तबकडीत पालथे ठेवावे आणि त्यावर शुद्ध बेंझिनचे (पेट्रोलियमपासूनचे बेंझाइन; रसायनशास्त्रातले विषारी बेंझीन नव्हे) किंवा या कामासाठी विकल्या जाणाऱ्या द्रवाचे दोन-तीन थेंब सोडावेत. कागद भिजताच पातळ जागेतून तबकडीचा काळा रंग वर येतो आणि चिन्ह गडद दिसू लागते. द्रव उडून गेला की तिकीट पूर्ववत होते आणि डिंकालाही धक्का लागत नाही. मात्र फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने, म्हणजे रुळावर कोरलेल्या बारीक खळग्यांतली शाई कागदावर उतरवून, छापलेल्या काही तिकिटांची शाई बेंझिनमध्ये सुटते, त्यामुळे अशा तिकिटांसाठी आधी नुसता उजेड वापरून पाहावा. हा द्रव ज्वालाग्राही असून त्याची वाफ श्वासात जाणे वाईट, आणि जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना तो फार झपाट्याने उडतो. म्हणून हे काम सकाळी, खिडकी उघडी ठेवून आणि गॅस, उदबत्ती, समई यांपासून दूर बसूनच करावे.

जलचिन्ह उलटे किंवा आडवे दिसले म्हणजे दुर्मीळ चूक सापडली असे अनेकांना वाटते. तिकीट समोरून पाहिल्यावर चिन्ह जसे दिसायला हवे ती त्याची सरळ स्थिती धरली जाते, त्यामुळे पाठीकडून पाहताना ते डावे-उजवे बदललेले दिसणारच. कागदाचा ताव यंत्रात डोके खाली करून गेला की चिन्ह उलटे येते, आणि नाशिकच्या छपाईत असे पुष्कळदा झालेले आहे. काही मालिकांमध्ये आडवे चिन्ह हीच नेहमीची स्थिती असते. म्हणून उलट्या चिन्हाला मोल आहे की नाही हे त्या विशिष्ट मालिकेपुरते कॅटलॉगमध्ये पाहूनच ठरवावे लागते.

कागदातच असलेल्या आणखी काही खुणांनी गोंधळ होतो. समांतर फिकट रेघांची जाळी दिसली तर तो रेघांच्या साच्यावर बनवलेला कागद असू शकतो. शिवणीच्या टाक्यांसारखी आखूड रेघांची एक ओळ दिसली तर ती कागद बनवणाऱ्या यंत्रातल्या तारजाळीच्या जोडाची खूण असते आणि संग्राहक तिची आवर्जून नोंद ठेवतात. कागदात खरा रेशमी धागा असलेली तिकिटेही झाली. बव्हेरियाने १८४९ पासून आणि स्वित्झर्लंडने १८५४ पासून नकली तिकिटांना आळा घालण्यासाठी ही युक्ती वापरली. धागा कागदाच्या आत असतो, वर चिकटवलेला नसतो, आणि सुईचे टोक न लावता नुसत्या भिंगाखाली ते कळते. भोर संस्थानाची १८७९ ची तिकिटे देशी कागदावर हाती ठशाने उमटवलेली होती. अशा हातकागदात गाठी, तंतू आणि जाड-पातळ जागा असतात, ठशाची शाईही पाठीकडे डोकावते, आणि हे सारे त्या कागदाच्या स्वभावातलेच आहे.

आता छपाईच्या वेळी उमटलेल्या खुणांकडे येऊ. यांत सर्वाधिक चर्चा होते ती पाठीवर उमटलेल्या उलट्या चित्राची. अशा चित्राला दोन वेगळी कारणे असतात आणि त्यांतला फरक समजून घेणे आवश्यक आहे. पहिले कारण साधे आहे. ताजे छापलेले ताव एकमेकांवर रचले गेले की खालच्या तावाची ओली शाई वरच्या तावाच्या पाठीला लागते. हे चित्र आरशातल्यासारखे उलटे, पुसट आणि तुटक असते, आणि पुढच्या चित्राच्या जागेशी ते जुळेलच असे नाही. दुसरे कारण यंत्रातले आहे. यंत्र फिरत असताना मध्येच एखादा ताव आत गेला नाही, तर शाई कागदाऐवजी त्यामागच्या दाबाच्या रुळावर उतरते. पुढचा ताव आत येतो तेव्हा त्याच्या समोर नेहमीचे चित्र छापले जाते आणि त्याच क्षणी रुळावरची शाई त्याच्या पाठीवर उलटी उमटते. हे चित्र ठसठशीत असते आणि पुढच्या चित्राशी बरोबर जुळते. पुढच्या काही तावांवर ते क्रमाने फिके होत जाते. संग्राहक या दुसऱ्या प्रकाराला अधिक महत्त्व देतात आणि ते रास्त आहे, कारण पहिला प्रकार छापखान्यात वरचेवर घडणारा असतो. पाठीवरचे चित्र उलटे नसून सरळ वाचता येत असेल, तर मात्र तो ताव दुसऱ्यांदा यंत्रातून गेलेला आहे. हा तिसराच प्रकार झाला आणि तो बराच दुर्मीळ आहे.

इथे डिंकाची कसोटी फार उपयोगी पडते. जुन्या काळी छपाई आधी होऊन डिंक नंतर लागत असे, त्यामुळे असे चित्र डिंकाखाली असायला हवे. पुढे आधीच डिंक लावलेला कागद छपाईला घेण्याची पद्धत आली, तेव्हा ते डिंकावर येऊ लागले आणि तिकीट पाण्यात घातले की डिंकाबरोबर निघूनही जाऊ लागले. म्हणून जुन्या तिकिटावरचे उलटे चित्र डिंकाच्या वर दिसत असेल तर ते छापखान्यातले नाही असे समजावे. पावसाळ्यात दमट झालेल्या वहीत दोन तिकिटे समोरासमोर चिकटून राहिली तरी एकाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते. पाठीवरचा रंग समोरच्या रंगाशी जुळत नसेल, किंवा उलट्या चित्रासोबत टपाल शिक्क्याचा तुकडाही उमटलेला असेल, तर खूण वहीतली आहे यात शंका उरत नाही, कारण छापखान्यात टपाल शिक्का नसतोच.

काही देशांनी तिकिटांची पाठ मुद्दाम छापली. ग्रीसच्या १८६१ पासूनच्या हर्मिस देवाच्या मस्तकाच्या तिकिटांवर बऱ्याच किमतींच्या मागे मोठे आकडे आहेत. ते आकडे त्या तिकिटाची किंमतच दाखवतात. स्पेनने दीर्घकाळ पाठीवर नियंत्रण क्रमांक छापले. जर्मनीच्या गुंडाळीतून विकल्या जाणाऱ्या तिकिटांमध्ये दर पाचव्या तिकिटामागे क्रमांक असतो, म्हणजे गुंडाळीत किती माल उरला हे कळते. त्यामुळे जर्मन तिकिटामागचा सुटा आकडा पाहून फार हरखून जाण्याचे कारण नाही. न्यूझीलंडने १८९३ मध्ये तिकिटांच्या पाठीवर डिंकाखाली गोळ्या, साबण, कोको यांच्या जाहिराती छापल्या. लोकांना तो प्रकार रुचला नाही आणि तो लवकरच बंद पडला, पण त्या जाहिराती आज संग्राहक जागेनुसार आणि रंगानुसार जमवतात. त्याच देशाने १९२५ च्या सुमारास जलचिन्हाचा कागद कमी पडला तेव्हा साध्या कागदाच्या पाठीवर शाईनेच जलचिन्हाची आकृती छापली. ज्याला जलचिन्ह म्हणजे पातळ कागद एवढेच ठाऊक आहे त्याला हे तिकीट हमखास चकवते.

सर्वांत विलक्षण उदाहरण लॅटव्हियाचे आहे. पहिले महायुद्ध संपून तो देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि छपाईला कागद नव्हता. जर्मन सैन्याने मागे सोडलेल्या लष्करी नकाशांची एक बाजू कोरी होती. डिसेंबर १९१८ मध्ये देशाचे पहिले तिकीट त्या कोऱ्या बाजूवर छापले गेले. त्यामुळे प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर नकाशाचा एक लहान तुकडा आहे, त्यात रस्ते, ओढे, जंगलांच्या खुणा आणि गावांच्या नावांची अर्धीमुर्धी अक्षरे दिसतात. त्यानंतर अर्धवट छापलेल्या नोटांच्या पाठीवरही तिकिटे निघाली. एका नवजात देशाची ओढाताण त्याच्या तिकिटांच्या पाठीवर इतक्या स्पष्टपणे वाचता यावी, हे मला आजही फार मोलाचे वाटते. भारतात असे तिकीट परदेशी मिश्र पाकिटांतून क्वचित येते, आणि पाठ न पाहणारा माणूस ते साधे लाल तिकीट म्हणून बाजूला टाकतो.

ब्रिटनच्या नोव्हेंबर १९५७ च्या तिकिटांमागच्या उभ्या काळ्या रेघा मात्र यंत्रासाठी होत्या. या रेघा ग्राफाइटच्या होत्या आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. साउथॅम्प्टनला बसवलेल्या यंत्राला या रेघांमुळे पाकिटावर तिकीट कुठे आहे ते कळे आणि सारी पाकिटे एका बाजूला वळवता येत. बहुतेक किमतींवर दोन रेघा आणि दोन पेनीच्या तिकिटावर एक रेघ असे. रेघा डिंकाखाली असल्याने पाण्यात तिकीट सोडवल्यावरही त्या टिकतात, आणि एवढ्या कसोटीवर पेन्सिलीने ओढलेल्या बऱ्याच नकली रेघा उघड्या पडतात.

दाबाने उमटलेल्या खुणा तिरक्या उजेडात पाहाव्यात. अमेरिकेच्या १८६७ पासूनच्या काही तिकिटांमध्ये बारीक उंचवट्यांची चौकट दाबलेली असते. कागदाचे तंतू फुटावेत, शिक्क्याची शाई आत मुरावी आणि ती धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये हा त्यामागचा हेतू होता. तिकिटाच्या आरपार अक्षरांच्या आकारात भोके असतील तर ती एखाद्या बँकेची किंवा व्यापारी पेढीची खूण असते. नोकरांनी तिकिटे चोरून विकू नयेत म्हणून ब्रिटनमध्ये १८६८ मध्ये या पद्धतीला परवानगी मिळाली आणि पुढे भारतातल्या मोठ्या पेढ्यांनीही ती वापरली. पाठीकडून ती अक्षरे उलटी दिसतात, म्हणून वाचण्यासाठी तिकीट सरळ करावे. याउलट एकच गोल भोक आणि त्याभोवती तांबूस गंजाचे कडे असेल, तर ते सुरुवातीला सांगितलेल्या तारेच्या आकड्याचे असते. आपल्या भागातल्या तिकिटांवर ते फार वेळा आढळते.

घरातल्या खुणांना परदेशी मार्गदर्शिकांमध्ये जागा नसते, पण इथे त्यांचे प्रमाण मोठे आहे. लग्नपत्रिका आणि शुभकार्याच्या पत्रांना लावलेली हळद पाकिटातून झिरपून तिकिटाच्या पाठीपर्यंत पोहोचते. हा पिवळा डाग साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात गेला की तांबूस होतो आणि मग छपाईची लाल खूण असल्याचा भास होतो. नोटा तपासायच्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली हळद हिरवट-पिवळी चमकते, त्यामुळे ती ओळखणे सोपे आहे. जांभळा फराटा बहुधा कॉपिंग पेन्सिलीचा असतो. ही पेन्सिल कोरडी असताना करडी दिसते आणि पाणी लागताच जांभळी पसरते. पाठीवर निळ्या बारीक नक्षीचा तुकडा दिसला तर तो पाकिटाच्या आतल्या छापील अस्तराचा सुटलेला पापुद्रा आहे का, ते आधी पाहावे. तिकीट पाकिटावर नीट चिकटेना की लोक डिंक किंवा कणकेची खळ वापरत आणि त्याचे पिवळसर, तडे गेलेले थर मागे राहतात. हिंज, म्हणजे तिकीट वहीत लावायची डिंकाची छोटी कागदी पट्टी, ओढून काढताना कागदाचा पापुद्रा गेला असेल तर ती पातळ जागा बेंझिनमध्ये जलचिन्हासारखीच गडद दिसते. मात्र तिच्या कडा अनियमित असतात आणि तिरक्या उजेडात तिथला कागद खरवडलेला दिसतो. डिंक नव्याने लावून तिकीट कोरे म्हणून विकण्याचा प्रकारही होतो. तशा तिकिटाच्या दातांची टोके डिंक शिरल्याने ताठ आणि खरखरीत लागतात.

पाठीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांचा शिक्का असेल तर तो एखाद्या तज्ज्ञाच्या तपासणीचा किंवा विक्रेत्याचा असू शकतो. असे शिक्केही नकली बनवले जातात, म्हणून नुसत्या शिक्क्यावर विसंबून पैसे मोजू नयेत. पेन्सिलीने लिहिलेले कॅटलॉग क्रमांक आणि किमती निरुपद्रवी असतात. त्या खोडण्याच्या प्रयत्नात कागद दुखावतो, तेव्हा त्या तशाच राहू द्याव्यात.

पाकिटावर अजून चिकटलेले तिकीट केवळ पाठ पाहण्यासाठी सोडवू नये. पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे असतानाच्या काळातले, भुसावळच्या किंवा धुळ्याच्या टपाल शिक्क्याचे अखंड पाकीट हे सुट्या तिकिटापेक्षा जवळजवळ नेहमीच अधिक सांगते, आणि पाण्यात घातल्यावर शिक्का, पत्ता, कॉपिंग पेन्सिलीची नोंद हे सारे एकदम जाते. पाकीट एका बाजूने उघडे असेल तर आत लहान विजेरी सरकवावी, खोलीत अंधार करावा आणि समोरून पाहावे. एक तारा आहे की ताऱ्यांची रांग, एवढे बहुतेक वेळा तेवढ्यावर दिसते. दिसलेच नाही तर पाकिटाच्या पाठीवर काही न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर ‘जलचिन्ह तपासलेले नाही’ अशी नोंद करून पाकीट तसेच ठेवावे.